नऊचं ॲव्हरेज

"नऊ," चौगुले सर म्हणाले.

"लिटरला?"

"लिटरला. शहरात. हायवेला अकरा देते, पण मी हायवेवर राहत नाही."

एवढं बोलून त्यांनी फियाट बंद केली, खाली उतरले, काचा वर केल्या आणि दाराला कुलूप लावलं. माझ्याच गॅरेजात, माझ्या डोळ्यांदेखत. मग किल्ली माझ्या हातावर ठेवली. गाडी बहात्तरची, सायीच्या रंगाची. गिअर स्टिअरिंगच्या बाजूला. आतल्या सीटवर टर्किशचे टॉवेल, इस्त्री केलेले.

"किती पाहिजे, सर?"

"पंधरा. पंधराला पास. अभिनंदननं पेपर काढलाय."

भूपाल चौगुले हे निवृत्त गणित शिक्षक. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, त्यामुळे आमचे संबंध चांगले होते. अभिनंदन त्यांचा मुलगा, पुण्याला नोकरीला. त्याला कुणीतरी कळवलं होतं की तुझे वडील रोज संध्याकाळी पाच वाजता ही चाळीस वर्षांची गाडी काढतात, रंकाळ्याला चक्कर मारतात आणि सहाला घरी येतात. एक दिवस चुकत नाही. त्यानं फोन केला, की बाबा, एवढं पेट्रोल जाळून तुम्ही नुसतं तळं बघून येता? सर म्हणाले, हो. मग तो म्हणाला, गाडीनं पंधरा दिले तर ठेवा, नाहीतर मी पुढच्या महिन्यात येतो आणि विकून टाकतो. गिऱ्हाईकही होतं. पुण्यातला एक जण अशा गाड्या फुलं लावून वरातीला द्यायचा.

"कार्ब्युरेटर साफ करून एखाद-दुसरा वाढेल," मी म्हटलं. "पंधरा हवे असतील तर इंजिनच बदलावं लागेल, सर. भंगारात एक व्हॅन निघालीय. मागनं चेपलीय, पण पुढचं इंजिन चांगलं आहे. पाच गिअर. ते बसवू."

"मग गाडी हीच राहणार?"

"गाडी हीच. पोटातलं तेवढं बदलायचं."

सरांनी बॉनेटवर हात ठेवून जरा विचार केला. "बाहेरून हीच दिसेल? हॉर्न हाच? वेळ हीच?"

"वेळ कशी बदलेल, सर?"

"नाही, मी सगळ्या बाजू तपासतोय. बसव."

"एवढा जीव आहे होय गाडीवर?"

"तो प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा आहे."

माझं नाव धैर्यशील. ठेवलं तेव्हा घरच्यांना अंदाज नव्हता. त्या वेळी मी चोवीस वर्षांचा होतो आणि उद्यमनगरातल्या त्या गॅरेजच्या माळ्यावर एकटा राहायचो. आई थोरल्या भावाकडे सोलापूरला होती. मला फोन दोनच प्रकारचे यायचे. एक, 'गाडी झाली का?' आणि दुसरा, कॉलर ट्यून लावून घ्या म्हणणाऱ्या बाईचा. ती बाई रेकॉर्ड केलेली असायची. तरी तिचं मी शेवटपर्यंत ऐकून घ्यायचो.

काम बारा दिवस चाललं. सर रोज अकराला यायचे आणि एका उपड्या ड्रमवर बसायचे. काकू तेवढे दिवस सांगलीला बहिणीकडे होत्या. "मुद्दामच पाठवलंय," एवढंच सर म्हणाले. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते म्हटल्यावर त्यांनी अर्ज स्वतः लिहून नेला. त्या अर्जाला समास होता.

जुनं इंजिन मी चेन ब्लॉकवर उचलून गिअरबॉक्ससकट बाहेर काढलं आणि कोपऱ्यात ठेवलं. ते लोंबकळत असताना सर ड्रमवरून उठून उभे राहिले. कुणी मोठं माणूस वर्गात आल्यावर उठतात तसे.

"ह्याचं काय करणार?"

"पुढच्या शनिवारी भंगारवाला येतो, सर."

"हं," म्हणाले आणि परत बसले.

त्या बारा दिवसांत आम्ही पुष्कळ बोललो. म्हणजे ते गणित घालायचे आणि मी पाना फिरवायचो. एकदा त्यांनी विचारलं, "धैर्यशील, तू संध्याकाळी घरी जातोस तेव्हा दार कोण उघडतं?"

"मीच, सर. आणि घर वरतीच आहे. शिडी आहे, दार नाहीच."

"मग सोपं आहे," सर म्हणाले.

बाराव्या दिवशी आम्ही ॲव्हरेज काढायला निघालो. टाकी काठोकाठ भरली, अगदी पेट्रोल तोंडाशी दिसेपर्यंत. हायवेनं किणीच्या टोलनाक्यापर्यंत गेलो, परत आलो, त्याच पंपावर, त्याच नळीनं पुन्हा काठोकाठ भरली. गिअर आता खाली, दोन सीटच्या मधे आला होता. पण सरांचा डावा हात प्रत्येक वेळी आधी स्टिअरिंगकडे जायचा, तिथं काही सापडायचं नाही, मग खाली यायचा. जाऊन-येऊन चोपन्न किलोमीटर, आणि पेट्रोल बसलं तीन पूर्णांक एक. सरांनी तळहातावर पेनानं भागाकार केला.

"सतरा पूर्णांक चार. विशेष प्रावीण्य!" त्यांनी माझी पाठ थोपटली. "आवाज तर नाहीच हिला. चालू आहे की बंद, कळत नाही. चल, घरी चहाला चल. ही आज दुपारीच सांगलीहून आली आहे. आपण बरोबर सहाला पोचू."

मला चहाला कुणी घरी बोलावून बरेच दिवस झाले होते. मी पेट्रोल पंपावरच्या पाण्यानं हात धुतले. तरी काळे राहिले.

सरांचं घर राजारामपुरीत, सातव्या गल्लीत, बैठं. गल्लीत वळताना कोपऱ्यावर त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासा सोडला आणि पुन्हा धरला. नव्या इंजिनाला त्याचं काहीच वाटलं नाही, ते आपलं गप्प चालत राहिलं. आम्ही दारात थांबलो तेव्हा सहाला एक मिनिट कमी होतं. सर सीटवर ताठ बसून राहिले.

"उतरायचं का, सर?"

"थांब. दार उघडेल."

दार उघडलं नाही. सरांनी हॉर्न वाजवला. हॉर्न जुनाच होता, चांगला ओरडला. मग दार जरासं उघडलं आणि फटीतून काकू दिसल्या. कस्तुरी काकू. पांढरे केस, नीट घातलेला अंबाडा, हातात चहाची गाळणी.

"कोण पाहिजे?"

सर खाली उतरले. फाटकाशी जाऊन म्हणाले, "मी आलो."

"ते घरी नाहीत ओ, मास्तर. यायचेत अजून," काकू म्हणाल्या. "गाडीचा आवाज आला की या मग."

"कस्तुरी—"

"नाव घेऊन काय हाक मारता परक्या बाईला?" आणि दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मला एखादा विनोद सुचेल म्हणून मी वाट बघितली. सुचला नाही.

सर गाडीला टेकून उभे राहिले. "तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "दिवसभर मी घरात असतो ना, तेव्हा तिला वाटतं, कुणीतरी मास्तर येऊन बसलाय. चहा देते, नीट बोलते. चार वाजले की म्हणते, आता तुम्ही निघा, ह्यांची शाळा सुटायची वेळ झाली. मग मी पाचला निघतो. तळ्याला एक फेरी मारतो आणि सहाला येतो. गाडीचा आवाज आला की ती दार उघडते. मग मी मी असतो. झोपेपर्यंत."

"आणि सकाळी?"

"सकाळी पुन्हा मास्तर." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती मला ओळखत नाही, धैर्यशील. गाडीला ओळखते. मी मूर्ख, मला वाटलं, रंग ओळखत असेल, हॉर्न ओळखत असेल. आवाजाची बाजू तपासायची राहिली."

"अभिनंदनला माहीत आहे हे?"

"त्याला कळलं तर तो तिला पुण्याला नेईल. तिथं सातवी गल्ली नाही." ते दाराकडे बघत होते. "आता ती साडेसातपर्यंत वाट बघेल. मग बाहेर पडेल मला शोधायला. मागं एकदा पंक्चर झालं होतं, तेव्हा एस.टी. स्टँडवर सापडली. अनवाणी."

जुनं इंजिन परत बसवायला किमान तीन दिवस. आणि साडेसातला सव्वा तास.

"सर," मी म्हटलं, "भंगारवाला शनिवारी येतो. आज गुरुवार आहे."

"मग?"

"आवाज गॅरेजात आहे. गाडीतच असला पाहिजे असं कुठंय?"

गॅरेजसमोर दस्तगीरभाई केळी विकायचे. मी त्यांचा हातगाडा मागितला. ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, इंजिन चालवायचंय. ते म्हणाले, "गाडा दीन, पर गाड्याबरोबर मी येणार. ह्या गाड्यावर माझ्या बाबानं आंबं विकल्यात." केळी त्यांनी पाटीत काढून डोक्यावर घेतली, आणि त्या संध्याकाळभर ती डोक्यावरच राहिली.

आम्ही चेन ब्लॉकनं इंजिन हातगाड्यावर उतरवलं. फळ्यांना साखळदंडानं बांधलं. बाजूला बॅटरी, एका कॅनमध्ये पेट्रोल, त्यात पंपाची नळी, मागं जुना सायलेन्सर तारेनं आवळलेला. ॲक्सिलरेटरची तार मी हातात घेतली. रेडिएटर नव्हता, म्हणून पाण्याची बादली. असं इंजिन दोन-तीन मिनिटं चालतं, मग त्याला थांबवून पाणी पाजावं लागतं.

सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही सातव्या गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. मी स्टार्टरच्या वायरी जोडल्या. इंजिन सुरू झालं आणि हातगाडा नाचायला लागला.

"अरं धरा! पळालं की वं!" दस्तगीरभाई ओरडले.

तिघांनी मिळून धरलं आणि गल्लीत ढकलायला सुरुवात केली. लोक गॅलरीत आले. एका बाईनं विचारलं, "कसला देव हाय?" दस्तगीरभाई म्हणाले, "चौगुले सरांचा." तिनं नमस्कार केला.

मी तार एकसारखी ओढून, अगदी व्यवस्थित आवाज काढत होतो. इंजिन छान गुरगुरत होतं. घरासमोरून आम्ही पार पुढच्या खांबापर्यंत गेलो. दार हललंसुद्धा नाही.

इंजिन बंद केलं, पाणी ओतलं. वाफ निघाली. सरांनी घड्याळ बघितलं. सात वीस.

"परत पहिल्यापासून," सर म्हणाले. "आणि ती तार दे इकडे. तुला येत नाही."

"मी मेकॅनिक आहे, सर."

"तू सरळ रेषा काढतोस. दे."

आम्ही गाडा मागं, गल्लीच्या बाहेर नेला. पुन्हा सुरू केलं. ह्या वेळी तार सरांच्या हातात. गाडा ढकलत ते माझ्या शेजारी चालत होते, डोळे समोर, चेहरा स्टिअरिंगवर असतो तसा. कोपऱ्यावर त्यांनी तार जरा सैल सोडली. इंजिन खोकलं. मी म्हटलं, "सर, बंद पडेल." ते म्हणाले, "मी इथं सोडतो." मग पुन्हा ओढली आणि आवाज वर चढला.

आम्ही फाटकाशी पोचायच्या आधीच दार सताड उघडं होतं.

मी म्हटलं, "आता तापलं इंजिन, म्हणून आवाज बरोबर लागला." सर म्हणाले, "शक्य आहे."

काकू पायरीवर आल्या. "किती उशीर ओ? चहा दोनदा उकळला." मग त्यांची नजर खाली आली. हातगाडा, साखळ्या, वाफाळणारं इंजिन, डोक्यावर केळ्यांची पाटी घेतलेले दस्तगीरभाई. बराच वेळ बघितलं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "गाडी किती वाळली. खायला घालत नाही होय हिला?"

सरांनी तार माझ्या हातात दिली.

"घालतो," सर म्हणाले. "उद्यापासून पोटभर घालतो."

"हात धुवा आधी."

सर आत गेले. जाताना वळून मला म्हणाले, "चहाचं तेवढं राहिलं. पुन्हा कधीतरी." दार लागलं. ह्या वेळी कडीचा आवाज आला नाही. मी वायर काढली आणि गल्ली एकदम शांत झाली. आत कपबशी वाजत होती. मी आणि दस्तगीरभाई गाडा घेऊन परत निघालो. अर्ध्या वाटेत त्यांनी मला एक केळं दिलं.

"ॲव्हरेज काढलंस का?" त्यांनी विचारलं.

मी हिशेब केला. लिटरला सहाशे मीटर.

दुसऱ्या दिवशी सर अकराला आले, ड्रमवर बसले आणि माझ्याच फोनवरून पुण्याला फोन लावला.

"अभिनंदन, बाबा. गाडी नापास झाली. नऊ… नाही, विकणार नाही… कारण सांगतो, पण तू मधे बोलू नको." मग त्यांनी सगळं सांगितलं. हातगाड्यासकट. शेवटी सर म्हणाले, "रडू नकोस, ऑफिसात आहेस," आणि फोन ठेवला. "जुनं बसव," मला म्हणाले.

बसवलं. त्याला तीन दिवस लागले, आणि तिन्ही संध्याकाळी अर्धवट जोडलेली फियाटच मी आणि दस्तगीरभाईंनी दोरीनं ओढत गल्लीत नेली. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, बॉनेट नाही. आत सर.

त्यानंतर दोन वर्षं रोज पावणेसहा वाजले की ती फियाट माझ्या गॅरेजसमोरून जायची. सर थांबायचे नाहीत, हात करायचे. आवाज आला की मी स्टोव्हवर माझा एकट्याचा चहा ठेवायचो. घड्याळ माझ्याकडे होतं, पण मी ते बघत नव्हतो. व्हॅनचं इंजिन कोपऱ्यात पडून राहिलं. सतरा पूर्णांक चार, आणि कुणाला नको.

मग एका सोमवारी आवाज आला नाही. मंगळवारी कळलं, सर दुपारी झोपेत गेले.

पाचव्या दिवशी अभिनंदनचा फोन आला. मी त्याला तोवर कधी बघितलं नव्हतं. "आईला उद्या पुण्याला नेतोय," तो म्हणाला. "पण ती रोज पाचपासून दारात बसते. जेवत नाही. बाबा म्हणायचे, ती गाडीला ओळखते. तू एकदा सहाला आणशील?"

गाडी त्यांच्याच दारात होती. तिथं सुरू केली असती तर काकूंनी ऐकलं असतं. म्हणून पाच वाजायच्या आधीच मी आणि अभिनंदननं ती न बोलता, ढकलत गल्लीबाहेर काढली. त्याला गाडी ढकलायची सवय नव्हती, हँडब्रेक ओढलेला आहे हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं. मग मी एकटा रंकाळ्याला गेलो. सगळं सरांसारखंच करायचं ठरवलं होतं. तळ्याला फेरी मारली. तळं बघितलं. पाणी होतं.

सहाला एक मिनिट कमी असताना मी सातव्या गल्लीत वळलो. गाडी सुरेख चालत होती, मीच ट्यून केली होती. एकसारखा आवाज, कुठं खोकला नाही. फाटकाशी थांबलो.

दार उघडंच होतं. काकू उंबऱ्याच्या आत पाटावर बसल्या होत्या. त्यांच्यामागं अभिनंदन उभा होता, घामाघूम. काकू उठल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं.

"गाडी आली, काकू," मी म्हटलं.

"ऐकलं मी. गाडी आमचीच आहे." मग म्हणाल्या, "चालवत ते नव्हते."

"कशावरून?"

"ते कोपऱ्यावर पाय सोडतात." काकूंनी पाऊल एवढंसं उचलून दाखवलं. "नवीन लग्न झालं होतं तेव्हा तिथं म्हशीला धडकले होते. म्हशीला काही झालं नाही. ह्यांना तीन दिवस ताप. तेव्हापासून कोपरा आला की पाय सोडतात, मग धरतात. गाड्या काय, दिवसभर शंभर जातात गल्लीतनं. मी त्या पायाच्या आवाजावर चहा टाकते."

अभिनंदननं माझ्याकडे बघितलं. मला हातगाड्यावरची, सरांनी कोपऱ्यावर सैल सोडलेली ती तार दिसत होती. ती दोन वर्षांमागं होती.

"सरांना हे…" मी म्हटलं.

"तुम्ही बसा आत. त्यांना आज उशीर दिसतोय. येईपर्यंत चहा घ्या," काकू म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

मी हात धुतले, आत बसलो. त्यांनी चार कप मांडले. तीन भरले आणि चौथ्यावर बशी पालथी घातली. चहा चांगला होता, गोड होता.

बाहेर गाडी मी चालूच ठेवली होती. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं. काकू कान देऊन ऐकत होत्या, आणि मला ती बंद करायला उठवेना.